केसभर दबलेली रिंग

मित्रांनो, मला अंगठी समजून बोटात घालायला जाल तर फजिती होईल. तुमची दोन-तीन बोटं माझ्यात एकदम मावतील! मी हॉकीच्या स्टिक मापणारी पितळी रिंग आहे आणि आता पुरती म्हातारी झाले आहे. माझ्यातून आरपार जाते तीच स्टिक मैदानात उतरते. अडकली, तर ती नियमापेक्षा जाड.

लेथवाल्या काकांनी मला पाइपच्या तुकड्यातून घडवलं आणि मुलांच्या लीगला दिलं. लीग भरवणाऱ्या सरांच्या गळ्यात सदा शिट्टी, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. सगळे तरबेज खेळाडू एकाच संघात जाऊ नयेत, म्हणून संघ पाडताना सर तासन्‌तास डोकं धरून बसत. दर रविवारी ते एकेक स्टिक माझ्यातून ओवत. एकदा मी त्यांच्या मुलाचीच स्टिक अडवली आणि त्यांनी मुकाट्याने त्याला बाहेर बसवलं. तेव्हापासून माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. खोटं कशाला सांगू, मी थोडी फुगलेच होते.

उपांत्य सामन्याच्या सकाळी नोंदीचं टेबल डुगडुगत होतं. सरांनी घाईत मला त्याच्या पायाखाली सरकवलं. वर पाण्याचं भलंमोठं पिंप आलं आणि मी एका बाजूने केसभर दबले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बारीक स्टिक भराभर पार झाल्या. मग आली लवंगी. अंगाने एवढीशी, पण चेंडूवर तुटून पडणारी. तिच्या हातात थोरल्या बहिणीची, टेप गुंडाळलेली स्टिक होती. ती अडकली.

"सर, गेल्या रविवारी हीच गेली होती की!"

"रिंग खोटं बोलत नाही, बाळा."

तिच्या उंचीची दुसरी स्टिक नव्हती. ती बाहेर बसली आणि तिचा संघ एका गोलने हरला. "जास्तीची टेप लावून आली होती, चीटर!" मागून कुणीतरी म्हणालं. लवंगीने मान खाली घातली, ती घरी जाईपर्यंत वर केली नाही.

आवराआवर करताना सर मला नेहमीप्रमाणे त्यांच्या जुन्या स्टिकवर चढवायला गेले. माझी राहायची जागा तीच. पण त्या दिवशी मी मध्येच थांबले. सरांचा चेहरा उतरला. मला आणि ती स्टिक घेऊन ते तडक लेथवाल्या काकांकडे गेले.

काकांनी माप लावलं. "स्टिक ठीक आहे, सर. रिंगच दबलीय. कशाखाली आली होती?"

"मीच टेबलाखाली घातली होती," सर हळू आवाजात म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या संघांना ते सांगितलं.

"अहो, झालं ते झालं. आता कशाला उकरून काढता?" जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले.

"त्या पोरीला सगळे चीटर म्हणतायत, आणि चूक माझी आहे. लवंगी, माझं चुकलं."

सामना पुन्हा झाला. लवंगीने एक गोल केला, तरी तिचा संघ हरलाच. पण या वेळी ती मान वर करून घरी गेली.

काकांनी मला सरळ केलं आणि सोबत मला तपासायला माझ्या मापाचा एक गोल पोलादी ठोकळा दिला. त्याला कित्येक वर्षं झाली. आज शिट्टी लवंगीच्या गळ्यात आहे. पहिली स्टिक घेण्याआधी ती सगळ्या मुलांसमोर तो ठोकळा माझ्यातून सोडते. तो तिच्या तळहातावर पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणाचं खरंखोटं ठरवाल. त्याआधी हातातलं माप तपासून घ्या. त्या दिवशी मी खोटं बोलले होते, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.