दारातली सहाचाकी

मिस्त्रीच्या घरात जायचं तर आधी पिकअपमध्ये चढावं लागे. डावं दार उघडायचं, सीटवरून सरकायचं, स्टिअरिंगखालून पोट आत ओढून निसटायचं आणि उजव्या दारातून थेट बाहेरच्या खोलीत उतरायचं. बोळ अरुंद, घराला दार एकच, आणि पिकअप त्या दाराला खेटून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. मागच्या दोन चाकांच्या जागी चार बसवायची होती. सहा चाकांच्या गाडीला रस्ता आपणहून वाट देतो, असं मिस्त्रीचं ठाम मत. रस्त्याचं राहू द्या, त्याने स्वतःच्याच घराची वाट अडवून ठेवली होती.

माणूस कशालाही सरावतो. दूधवाला हॉर्न वाजवून हाक मारी. शेजारच्या आजी सरकता सरकता दम खायला बसत आणि तिथेच डुलकी काढत. मिस्त्रीची बायको शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांची मापं ती केबिनमध्येच घेऊ लागली. बसल्या बसल्या घेतलेल्या मापाचे कपडे उभं राहिल्यावर कसे दिसत, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत गाडी हलली नाही, तर मी हलेन. आईला निरोप धाडलाय."

मिस्त्रीने हातातला पाना टाकला आणि चाकं शोधायला धावला. बायकोशिवाय त्याला साधं मीठ सापडत नसे, आणि मिठाचं सोडा, तिची बडबड कानावर पडल्याशिवाय झोपही येत नसे.

घाईत चाकं मिळाली ती मिळतील तशी. उजवीकडची दोन चांगली थोराड: आतलं रुग्णवाहिकेचं, बाहेरचं शववाहिनीचं. एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं, तेव्हा शेजारी शोभतात, असं म्हणत मिस्त्रीने नट आवळले. डावीकडची जोडी आइस्क्रीमच्या गाडीची, अंगाने लहान. त्यातलं बाहेरचं चाक इतकं झिजलेलं की ते जमिनीला टेकणारच नव्हतं. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं नुसतं मान घेणार होतं.

लहानमोठ्या चाकांनी मागचा डिफरन्शियल कुरकुरणार, हे मिस्त्रीला कळत होतं. वळताना एका बाजूला जास्त फिरू द्यायचं नि दुसरीला कमी, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. मिस्त्रीने तो उघडला आणि आतून वेल्डिंग मारून कायमचा जखडून टाकला. आता दोन्ही बाजू एकदिलाने फिरणार होत्या.

बायको जाता-येता चाकांपाशी घुटमळे. गळ्यात टेप, बोटांत कापडावर खुणा करायचा निळा खडू.

"जमेल ना?" तिने विचारलं.

"चाक गोल असलं की झालं," मिस्त्री म्हणाला.

रविवारी सासूबाई आल्या. त्या स्टिअरिंगखाली अडकल्या आणि दोघांनी ओढून काढल्यावर त्यांचं उरलंसुरलं मनही विटलं. "माणसाच्या घराला दार असतं, जावईबापू. मी मुलीला नेते."

मिस्त्रीने धावत जाऊन ठोकळे काढले आणि जॅक सोडला. गाडी सहाही चाकांवर, म्हणजे खरं तर पाचच, टेकली.

"खाली आली," सासूबाई म्हणाल्या. "हलली कुठे?"

"हलते का नाही बघाच, आई. तुम्हा दोघींना घरी सोडूनच येतो."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. बायको राहावी म्हणून गाडी हलवायची, आणि गाडी हलते हे दाखवायला बायकोलाच सोडून यायचं. पण शब्द गेला होता. बायको पिशवी घेऊन, सासूबाई पदर सावरत उजव्या दारातून चढल्या, फक्त डावीकडून उतरल्या नाहीत. मिस्त्री शेवटी बसला.

गाडी निघाली. बोळाच्या तोंडाशी तिला उजवीकडे जायचं होतं. मिस्त्रीने स्टिअरिंग पिळलं, त्याला लोंबकळला, तरी ती डावीकडे वळली. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे. त्याच्या पुढेही डावीकडेच. उजवी बाजू मोठी, डावी लहान, आणि दोघींना जखडलेलं. ती दुसरं करणार तरी काय? बघता बघता दार उघडं टाकलेलं एक घर उजव्या हाताला मागे गेलं.

"ते आपलंच घर होतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"तसलं दुसरं असेल," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या फेरीत शेजारच्या आजींनी हात केला. तिसऱ्या फेरीत त्याच्या दंडातलं बळ संपलं आणि गाडी नेमकी दारापाशी, होती तिथेच, खेटून उभी राहिली. मिस्त्रीने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. "मी नाही सोडू शकत तुला," तो म्हणाला.

बायको त्याच्या मागून सरकत उजव्या दारातून घरात उतरली. सासूबाईही उतरल्या आणि गपचूप चहाला आधण ठेवायला गेल्या.

मिस्त्री डोळे पुसत चाकं बघायला मागे गेला. उजव्या चाकावर निळ्या खडूने एक आकडा लिहिला होता, डाव्यावर दुसरा, चांगला चार इंच कमी. खाली डावीकडे वळलेला छोटासा बाण.

तो सीटवरून सरकत घरात आला. बायकोने मशीन सुरू केलं होतं.

"चाकांचं माप कधी घेतलंस?"

"काल," ती वर न बघता म्हणाली. "पिशवी भरायच्या आधी."