आबांच्या हातातली उनाड शेळी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेच्या कोपऱ्याला तडा, मागचं झाकण रबराने बांधलेलं आणि मनावर एका शेळीचं ओझं. ही गोष्ट ऐकून तुम्ही मला नावं ठेवलीत तरी चालेल. मी स्वतःही ठेवतो.

कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. बारामतीच्या दुकानातून रतनरावांनी मला पणदऱ्याला आणलं. तेव्हा माझा काय रुबाब होता! ऊसतोडीची टोळी कधी येणार, डेअरीत दुधाला फॅट किती लागली, सगळं आधी मला कळायचं. मग घरात नवा मोबाइल आला आणि मी रतनरावांच्या वडिलांच्या, कुंडलिक आबांच्या वाट्याला आलो. आबा फोन आला तरच मला हात लावत. बाकी वेळ मी गोठ्याच्या कोनाड्यात पेंडीच्या वासात पडून असे.

मग त्यांच्या नातीने, संस्कृतीने, माझ्यात एक खेळ घातला. त्यातली शेळी लग्नाच्या मांडवात घुसते, नवरदेवाचा फेटा खाते, ट्रॅक्टरच्या टपावर नाचते, पाण्याच्या टाकीवरून खाली पडते आणि अंग झटकून पुन्हा उठते. जिंकायचं नाही, हरायचं नाही, नुसता धुडगूस घालायचा. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आरं तिच्या! नवरदेव पळाला की! आन् हिला कोण वरडत बी न्हाय?"

"न्हाय आबा, हितं कुणीच वरडत न्हाय," संस्कृती म्हणाली.

आबांनी जन्मभर जनावरं बांधली. एखादं सुटलं की कुणाच्या तरी रानात तोंड घालणार आणि बांधावर भांडण होणार, ही धास्ती कायम. जनावराच्या खोड्या बघून हसायला त्यांना कधी फुरसतच मिळाली नव्हती. ती आता माझ्यामुळे मिळाली. मला फार अभिमान वाटायचा. तोच मला नडला.

त्या दिवशी रतनराव आणि सूनबाई इंदापूरला लग्नाला गेले होते. संस्कृती शाळेत होती. आबा गोठ्याबाहेर बाजेवर बसून खेळत होते. संस्कृतीची लाडकी चंद्री, खरीखुरी शेळी, खुंट्याला हिसके देऊन ओरडत होती. तिची दोन करडं डालग्याखाली झोपली होती. आबा हसले.

"तुला बी उंडारायचंय व्हय? जा बये, आज तुझं राज्य."

त्यांनी दावं सोडलं आणि पुन्हा माझ्यात डोकं घातलं.

शेजारच्या सारजाकाकूंच्या रानातलं कडवळ कापून झालं होतं आणि बुडख्यांना हिरवीगार फूट आली होती. ज्वारीची ती कोवळी फूट खाल्ली की जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. गावात हे लहान पोरंसुद्धा जाणतात. आबा तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावत असत. पण तेव्हा माझ्यातली शेळी टाकीच्या शिडीवर चढत होती. चार्जिंग संपत आल्याची लाल खूण मी दाखवली. आबांनी ती बोटाने बाजूला सारली.

शाळेतून येताना संस्कृतीला चंद्री बांधाजवळ पडलेली दिसली. तोंडाला फेस, पाय ताठ. ती ओरडत आली.

"आबा, चंद्रीला किराळ लागली! डॉक्टरला फोन लावा!"

आबांनी नंबर लावला. पलीकडे घंटा वाजली आणि मी बंद पडलो. मित्रांनो, ज्या एका कामासाठी मला बनवलं होतं, तेच ऐन वेळी माझ्याकडून झालं नाही.

पुढचं मला चार्जिंगला लावल्यावर घरातल्या बोलण्यातून कळलं. संस्कृती सारजाकाकूंकडे पळाली, तिथून फोन गेला, डॉक्टर आले. काकूंनी गुळाचं पाणी पाजायची खटपट केली. आबा चंद्रीची मान मांडीवर घेऊन एकच म्हणत होते, "ऊठ बये. ऊठ की." माझ्यात ती दर वेळी उठायची. बांधावर उठली नाही. थोडं आधी कळवलं असतं तर इंजेक्शन लागू पडलं असतं, असं डॉक्टर हळूच म्हणाले.

 संस्कृती आता करडांना बाटलीने दूध पाजते. आबा संध्याकाळी प्रत्येक दावं दोनदा ओढून बघतात, मला पूर्ण चार्ज करतात आणि कोनाड्यात ठेवतात. त्यांचं हसणं मला आठवतं, आणि ते आठवावं याचीही लाज वाटते.

परवा संस्कृतीनेच खेळ उघडून मला त्यांच्या हातात दिलं. "खेळा की आबा. तुमी हसतच न्हाय आता."

तिच्यासाठी आबा खेळले. त्यांनी शेळीला मांडवात नेलं नाही, टाकीवर चढवलं नाही. सावकाश चालवत एका झाडाच्या सावलीत आणली आणि तिथेच उभी ठेवली. पडदा विझू नये म्हणून ते मधूनमधून काचेवर बोट टेकवत राहिले.

मित्रांनो, माझ्यातली शेळी कितीही वेळा पडू द्या आणि पोटभर हसा. पण हसता हसता एकदा मला खाली ठेवून गोठ्यात डोकावून या. मी तुमची वाट बघत थांबेन. मला थांबता येतं.