दिव्याखालचा ओला सांधा

किण्ण करून बशी टेबलावर टेकली आणि सकाळपासूनचा अबोला मोडला.

“ही बघ मास्तरीण, तुझी लाडकी बशी,” भावजी म्हणाले.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. रसायनाच्या डब्यावरची धोक्याची बारीक अक्षरं मी एकदा मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हापासून मी त्यांची मास्तरीण.

पुढच्या खोलीत आमचा कारखाना, मागच्या खोलीत संसार. कारखान्यात अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पेट्या बनतात. पंधरा वर्षं हे काम बशीवरच चाललंय. बशीत पाण्यासारखं पातळ, गोडसर वासाचं द्रावण ओतायचं, तुकड्याची कड त्यात टेकवायची आणि दुसऱ्या तुकड्यावर दाबून धरायची. प्लास्टिक जरासं विरघळतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. पण त्याची वाफ हवेहून जड, ती जमिनीलगत सरपटते. आणि मागच्या खोलीत जमिनीवरच टिंबूची गादी असते.

टिंबू आमची लेक, चार वर्षांची. काल दुपारी झोपेतून उठली ती “डोकं जड झालंय” म्हणत, आणि माझ्या मांडीवरच ओकली. तिचं तोंड पुसताना मी ठरवलं, आता पुरे.

“दुसरा डिंक मिळतो, त्याची बाटली आणि दिवा मी आजच आणलेत,” मी म्हणाले. “बाटलीतून थेंब थेंब सोडायचा आणि वर दिवा धरायचा. जांभळा उजेड पडला की घट्ट होतो. अशी वाफ उठत नाही त्याची.”

“पंधरा वर्षांत मला काही झालं? मला तर आता वाससुद्धा येत नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

भावजींच्या हातातली करवत थांबली. “बरं. एक पेटी जोड. रात्रभर पाणी भरून ठेवू. नाही गळली तर ही बशी मी माझ्या हातांनी फोडीन. गळली, तर पोरीला घेऊन माहेरी जायचं. इथे वासाचं नाव काढायचं नाही.”

नवरा कडा घासत होता. त्याने मान वर केली नाही.

अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्याचे तुकडे भावजींनीच कापून दिले, तेही इतक्या तत्परतेने की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी खिडकी उघडली, हातमोजे चढवले, पिवळा चष्मा लावला. टिंबूला शेजारच्या काकूंकडे धाडलं. कडा पुसल्या, चिकटपट्टीने चारी बाजू उभ्या केल्या, फटीत डिंक सोडला. तो अलगद आत पसरला, एकही बुडबुडा नाही. मग प्रत्येक सांध्यावर दिवा धरला. एक मिनिट पुरतं, मी पाच मिनिटं धरला.

पट्टी काढली आणि बाजू घसरली. सांधा पहिल्याइतकाच ओला.

“बांध गं बॅग!” भावजी खो खो हसले. “हिचा डिंक लाजाळू दिसतोय, उजेडात घट्टच होत नाही!”

पुन्हा दिवा धरला. पुन्हा ओला. माझे कान तापले. टेबलाखाली पत्र्यावरून सोललेला कागद पडला होता, तो उचलला. त्याच्या कोपऱ्यात छापलं होतं: अतिनील किरण रोखणारा. म्हणजे चित्रांवर लावतात तो पत्रा, उन्हाने रंग उडू नयेत म्हणून. दिव्यातला जो उजेड डिंकाला हवा, नेमका तोच हा पत्रा अडवतो. दिसायला दोन्ही पत्रे सारखेच, फक्त याच्या कडेला किंचित पिवळट झाक. आमच्याकडे तो वेगळ्या फळीवर उभा असतो. चुकून हातात येत नाही.

“तुम्ही मुद्दाम हा दिलात.”

“मास्तरीण ना तू? वाचायचं होतंस.”

मी तो कागद टेबलावर ठेवला. साध्या पत्र्याचे उरलेसुरले तुकडे गोळा केले आणि वीतभर पेटी जोडली. एक मिनिट दिवा धरला आणि पेटी नवऱ्यासमोर ठेवली. “ओढून बघ.”

त्याने ओढलं. मग गुडघ्यात धरून ओढलं. त्याची नखं पांढरी झाली, सांधा हलला नाही.

“दादा, हा धरलाय,” तो हळूच म्हणाला.

“अट पहिल्या पेटीची होती.” भावजींनी बशी पुढे ओढली.

“मग तुमची अट तुम्हालाच राहू दे,” मी म्हणाले. “मी माहेरी जाणार नाही आणि त्या बशीला हातही लावणार नाही. या घरात बिनबुडबुड्याचा सांधा माझ्याशिवाय कुणाला जमतो, ते बघा.”

“नखरे बघा हिचे! तुझ्या आधी पेट्या काय आभाळातून पडायच्या?” ते स्टूल ओढून स्वतःच कामाला बसले. नवऱ्याने मात्र घासलेल्या कडा त्यांच्या टेबलावर ठेवल्या नाहीत, माझ्या दिव्याजवळ आणून ठेवल्या. “लाचार कुठला!” भावजी ओरडले. तरी त्याने कडा परत नेल्या नाहीत.

मी काकूंकडून टिंबूला आणलं. मधलं दार लावून त्याच्या खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, मागची खिडकी सताड उघडली आणि तिला खाटेवर, उंचावर घेतलं. तिच्या कपाळावरून अंगठे फिरवत राहिले. केस घामाने चिकटले होते, ते एकेक करून बाजूला केले. दाराआड भावजी खोकले, थांबले, पुन्हा खोकले. त्यांना ना बायको, ना लेकरू. स्वयंपाक माझ्याच हातचा खातात आणि मलाच शिव्या देतात.

टिंबूने डोळे उघडले.

“आई, काका तर दिवसभर तिथेच बसतात ना?”

“हं.”

“मग त्यांचं डोकं कोण चेपतं?”