करड्यातला निळा

आमच्या दादाला प्रेसमधल्या कुठल्याही माणसापेक्षा मशीनचा जुळा जास्त खटकायचा. जुळा म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बनवलेली आमच्या मशीनची हुबेहूब नक्कल. कागद लावायच्या आधी मी सगळं काम त्या नकलेवर छापून बघते. मोठ्या शीटवर कुठला तुकडा कुठे बसवायचा, कुठल्या पट्ट्यात किती शाई सोडायची, ते तिथे ठरतं. प्रेस वडिलांची, आता आम्हा भावंडांची. मशीन दादाचं, मांडणी माझी. दादा येता-जाता माझ्या खांद्यावरून डोकावायचा. "काय गं, आज काय म्हणतोय तुझा लाडका?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलतो, एवढं पुरे आहे."

आमचं हे असंच चालतं. मी तापट आहे, हे सगळ्या प्रेसला माहीत आहे. एखादी शीट वाया गेली की माझा आवाज पार बायंडिंगपर्यंत जातो.

यंदा रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड मांडायला घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. शेडकार्ड म्हणजे भिंतीच्या रंगांचे छोटे छोटे चौकोन. ते जरा चुकले की गिऱ्हाइकाच्या भिंतीवर भलताच रंग बसणार, म्हणून ही मंडळी फार चिकित्सक. इतकी वर्षं ती आमच्याकडे टिकली ती दादाच्या नजरेवर. पण या खेपेला जुळ्याने नुसता वैताग आणला. करडा चौकोन आभाळीच्या पट्ट्यात ठेवला की लाल खूण. तिथून उचलून हिरव्याखाली ठेवला, पुन्हा लाल खूण. म्हणे, या पट्ट्यात निळी शाई जास्त आहे, करडा बिघडेल. अरे, दरवर्षी हाच करडा याच जागी गुण्यागोविंदाने नांदत होता की! शेवटी जागा रिकाम्या सोडत, कागदाची नासाडी करत कशीबशी मांडणी केली, दादाने नमुना छापला, आणि तो परत आला.

नमुना परत येणं हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं. कंपनीच्या बाई फोनवर गोड बोलल्या, पण बोलल्या ते स्पष्ट. "सगळंच निळसर आलंय हो. दुसरा नमुनाही असाच आला, तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

मी तडक जुळा बसवून देणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला आणि त्याची चांगली हजेरी घेतली. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "ताई, तो स्वतःच्या मनाचं काहीच करत नाही. छपाई संपली की तुमच्या मशीनवरचे आकडे उचलतो आणि तेच बरोबर धरतो. तुम्हीच सांगितलं होतंत, दादांचा हात शेवटचा, ते ठेवतील तेच खरं."

सांगितलं होतं खरं. मी फोन ठेवला.

रंग मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण दादा असताना ते ड्रॉवरमधून कोण काढणार? मी काढलं. कपाटातून जुनी शेडकार्डं, पत्रकं, खोक्यांचे नमुने काढले आणि एकेक मोजत सुटले. जुनी कामं चोख. मग पुढे पुढे येत गेले तसा निळा वाढत गेला. एकदम नाही, अगदी बेताबेताने, प्रत्येक कामात मागच्याहून किंचित जास्त. मशीन बिघडलं तर असं बिघडत नाही. मी एक जुना आणि एक नवा करडा चौकोन कापून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होतं. दादा एकटाच रोलर पुसत होता. मी त्याच्यापुढे जुना करडा आणि नवा करडा ठेवला. "यातला निळसर कुठला, सांग."

त्याने दोन्ही उचलले, लांब धरले, जवळ आणले, मग खिडकीपाशी घेऊन गेला. बराच वेळ तिथे उभा राहिला. "दोन्ही सारखेच आहेत की," म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"दादा."

तो कागदाच्या थप्पीवर बसला. "सगळं जरा पिवळट, धुरकट दिसतं आताशा. निळा कमी वाटतो, मग वाढवतो."

"आणि वाढवताना शंका नाही आली?"

"आली ना. शंका आली की गुपचूप तुझ्या जुळ्याचा आकडा बघायचो. तो माझ्या जवळपासच असायचा. म्हटलं चला, त्याला तरी नीट दिसतंय."

जुळा दादाकडे बघून शिकत होता आणि दादा जुळ्याकडे बघून निर्धास्त होत होता. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर करड्याचा निळा केला होता, आणि मी मध्ये बसून चौकोन इकडचे तिकडे करत होते.

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

त्याने दाराकडे बघितलं. तिथे वडिलांची खुर्ची असायची. डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यावर ते तिथे बसून राहायचे, मशीनच्या आवाजावरून कुठलं काम चाललंय ते ओळखायचे, आणि ओळखलं की आम्हाला हाक मारून सांगायचे. "मला त्या खुर्चीत नाही बसायचं गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"अरे, आता त्या वेळेसारखं राहिलंय का काही? आणि मी इथे समोर बसते. मला का नाही विचारलंस?"

"तू ओरडली असतीस."

"आणि जुळा?"

"तो ओरडत नाही."

मी ओरडायलाच तोंड उघडलं होतं. ते मिटलं. दुसरा नमुना मी यंत्राने मोजून छापून घेईन, जुळ्याला सगळं नव्याने शिकायला लावीन, ते सगळं होईल. मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "चपला घाल," मी अगदी हळू म्हटलं.

तो दचकला. माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागला. "काय गं, बरी आहेस ना? इतकं वाईट आहे का?"

"चपला घाल म्हटलं ना! डॉक्टरचा दवाखाना काय तुझ्यासाठी दिवसभर उघडा राहणार आहे?"

बायंडिंगच्या दारातून कुणीतरी डोकावलं. तेव्हा कुठे दादाच्या जिवात जीव आला, आणि तो चपला शोधायला उठला.