बनुबाईच्या दारातली मेंढी

वडूजच्या पलीकडच्या माळावर सकाळीच जोतीराम आणि हरणाबाईचं वाजलं. नवरा-बायकोचं भांडण काही नवं नाही, पण आजचं होतं एका मेंढीवरून.

आमच्या धनगरांत रीत आहे. कुणाचा कळप रोगानं गेला, तर भावकीतल्या घरटी एकानं त्याला एकेक मेंढी द्यायची. औंदा बनुबाईचा कळप गेला. नवरा आधीच वारलेला. लोकांनी मेंढ्या आणून दिल्या, पण कसल्या? एक लंगडी, एक भाकड, एक दात पडलेली. असलं देणं बघून संताप येतो. रीत पाळली म्हणून सगळे छाती काढून घरी गेले.

हरणाबाईनं मात्र कळपातली सगळ्यात दुधाळ मेंढी बाहेर काढली. जोतीराम आडवा आला. ही गेल्यावर आपल्याकडं राहणार काय, हे त्याचं म्हणणं.

"आवं, द्यायचंच हाय तर तिचं घर हुबं ऱ्हाईल असं द्या," हरणाबाई म्हणाली.

धुसफुसत तो कबूल झाला, पण मेंढीचं कोकरू त्यानं ठेवून घेतलं. ते आता चारा खातंय, आईवाचून त्याचं अडत नाही, म्हणाला.

संध्याकाळी मेंढी परत जोतीरामच्या दारात हजर. बनुबाईनं येऊन नेली. दुसऱ्या दिवशी कोंडवाड्याच्या जाळीवरून उडी मारून ती पुन्हा आली. या खेपेला बनुबाई रिकाम्या हातानं आली, दोरीसुद्धा आणली नव्हती. बाकीच्या मेंढ्याही ज्याच्या त्याला परत देऊन ती ऊसतोडीला निघणार होती.

"ठिवा तुमची तुमाला. माज्या दारात जितराब टिकत न्हाई," ती म्हणाली.

जोतीरामला हवं ते आपसूक मिळालं होतं. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. हरणाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. तिकडं कोकरू ढुसण्या देत आईला पीत होतं. जोतीरामनं ते पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

मग तो उठला. कोकरू उचलून त्यानं बनुबाईच्या हातात दिलं.

"वयनी, तुमच्या दारात दोष न्हाई. म्या हिचं लेकरू धरून ठिवलं हुतं. आता ही परत यायची न्हाई. उद्यापास्नं मेंढरं माज्या संगट चरायला आना."

बनुबाईनं कोकरू पोटाशी धरलं, पदरानं डोळे पुसले आणि वाटेला लागली. मेंढी ओरडत तिच्या मागोमाग गेली.

जोतीरामनं डोक्याला पटका गुंडाळला. कुठं निघालात, हरणाबाईनं विचारलं.

"लंगडी देनाऱ्याकडं," तो म्हणाला.