तिसरा टोला

मी गॅसचा सिलिंडर बोलतोय. हसू नका. पोटात गॅस होता तोवर शाळेच्या स्वयंपाकघरात मीही मासे आणि तारोचे कंद उकडून दिलेत. पुढे बूड गंजलं, तेव्हा ते कापून मला नीरफणसाच्या झाडाला टांगलं आणि माझी घंटा झाली.

न्यूझीलंडच्याही पल्याड, भर समुद्रातल्या सवाई बेटावरच्या आमच्या गावात हायस्कूल आणि चर्च शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांत घंटा एकच. सकाळी मला ऐकून पोरं कूस बदलतात. संध्याकाळी मात्र पहिल्या टोल्याला सगळे घरी परततात, दुसऱ्याला अख्खं गाव प्रार्थनेला बसतं. तिसरा टोला पडेपर्यंत कुत्रं हललं तर चालतं, माणूस हललेला चालत नाही. कुणी नियम मोडलाच, तर त्याला दंड: गावजेवणाला एक डुक्कर.

टोले द्यायचा मान लेओताआजोबांचा. गावच्या मानकऱ्यांत ते सगळ्यात कडक आणि त्यांची प्रार्थना सगळ्यात लांब. न्यूझीलंडला गेलेल्या एकेका पुतण्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं आमेन व्हायचं नाही. तोवर तिसरा टोला नाही, आणि घरच्यांचं जेवण गार.

त्या वर्षी शेवटच्या इयत्तेचा गणिताचा पेपर होता. समुद्र खवळला आणि पेपर आणणारी बोट सकाळऐवजी दुपारी लागली. राजधानीतून, आपियाहून आलेल्या परीक्षकबाईंनी चार वाजता पेपर वाटले. "सातला गोळा करणार. मिनिटभर जास्त मिळायचं नाही!"

आजोबांची नात फेतूइना त्याच वर्गात होती. पास झाली तर आपियाला नर्सिंग शिकायला जाणार, नाहीतर घरी बसणार.

मुख्याध्यापिका तुइलोमाबाई धावत आल्या. "आजोबा, आजच्या दिवस प्रार्थना सातनंतर घ्या ना."

"देवाला काय सांगू? जरा थांब, आमच्याकडे गणित चाललंय?"

"अहो, तुमचीच नात आहे!"

"म्हणून तर नाही. गाव म्हणेल, म्हाताऱ्याचे नियम दुसऱ्यांना."

ठरल्या वेळी दुसरा टोला पडला. वर्गात पेनं खाली ठेवली गेली. परीक्षकबाईंनीही डोळे मिटले, पण घड्याळ कुठे थांबतंय?

आमच्याकडे घरांना भिंती नसतात, त्यामुळे मला सगळं दिसतं. आजीनं सवयीनं खांबाला पाठ टेकली. आजोबांनी मान झुकवली आणि म्हणाले, "देवा, तुला सगळं ठाऊक आहे. आमेन."

आजीनं डोळे उघडले. "अहो, बरं वाटत नाहीये का?"

पण आजोबा लुंगी सावरत माझ्याकडे धावत सुटले होते. तिसरा टोला! पाद्रीबाबांच्या घरी गाणं अजून पहिल्याच कडव्यात होतं. त्यांचा सूर वरच्या पट्टीत तसाच लटकला. वर्गात मात्र पेनं पुन्हा चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गावची बैठक भरली. प्रार्थना अर्धवट तोडल्याचा दंड सुनावणारे आजोबा आणि भरणारेही आजोबाच. डुक्कर गावानं चवीनं खाल्लं. पाद्रीबाबांनी दोनदा वाढून घेतलं.

फेतूइना पास झाली. ती जायला निघाली त्या सकाळी आजोबा 'नीट जा' एवढंसुद्धा बोलले नाहीत. धक्क्याकडे जाणारी बस सुटली मात्र, हातोडा घेऊन मला बडवत सुटले. पोरं तोंडातल्या घासासकट शाळेकडे धावली. तुइलोमाबाई केस बांधतच आल्या.

"आजोबा, शाळेला अजून तासभर आहे! ही कशाची घंटा?"

"कशाची नाही हो," आजोबा म्हणाले. "वळणापर्यंत तिला ऐकू जावी, म्हणून."

त्या बडवण्यात माझ्या अंगाला चीर गेली, आवाज फाटला. शाळा आता विजेची घंटा आणणार म्हणे. आणा बापडे. फक्त मला झाडावरून उतरवायची घाई करू नका. पोरगी सुट्टीत घरी येईल, आणि म्हाताऱ्याला तोंडानं काही बोलता येत नाही.