देखाव्याची मेंढरं

डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सोळा वर्षांवरील खेळाडूंसाठी. सृष्टीला नुकतंच अकरावं लागलं होतं. घोडं अडलं ते इथंच.

व्हिडिओ गेम तिच्या पुण्याच्या मामेभावाचा, सोमेशचा. सुट्टीला सोलापुरात आला, टीव्हीला जोडून मनसोक्त खेळला आणि जाताना 'पुढच्या खेपेला नेतो' म्हणून यंत्र इथंच टाकून गेला. बहिणीच्या डोक्यात भूत मात्र पक्कं बसवून गेला. एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात माळरान तुडवत निघते. हातात तलवार, वाटेत लुटारू आणि हिंस्र जनावरं. गल्लीतल्या राजेश्वरीनं म्हणे तो खेळ कधीच संपवला होता. मग काय, सृष्टीनं रोज जेवायच्या ताटावर तेच पालुपद लावलं. तिची आई वैजयंती शाळेत शिकवते. तिचं उत्तरही ठरलेलं, "डब्यावर लिहिलंय ते वाच."

शेवटी बिभीषणनं, म्हणजे सृष्टीच्या वडिलांनी, मध्ये तोंड घातलं. "आधी मी खेळून बघतो. पोरीनं बघण्याजोगं असलं तर खेळंल, नसलं तर यंत्र माळ्यावर. मग कुणी कुरकुर करायची न्हाय."

"तुम्हालाच खेळायचंय की," वैजयंती म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

बिभीषण नुसता हसला. सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात त्याची उमर चालली होती. हाही एक शेरा मारायचा आणि मोकळं व्हायचं, असा त्याचा हिशेब.

रविवारी नाष्टा आटोपून बाप-लेक टीव्हीसमोर बसले. कुठलं बटण कशाचं ते सृष्टीनं समजावलं. बिभीषणनं हातातल्या कंट्रोलरला 'रिमोट' म्हटलं म्हणून ती मनापासून हसली. मग पडद्यावर माळ उघडला आणि बिभीषण पुढं सरकून बघू लागला. पिवळं पडलेलं गवत वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. मध्येच एखादं खुरटं झाड. लांब उतारावर मेंढरांची खांड चरतेय.

"आगं, हे तर आपल्याकडचंच हाय की," तो म्हणाला.

"आपल्याकडचं? आपल्या विजापूर रोडवर कुठंय असं?"

तिचंही बरोबरच होतं म्हणा. तिला कोण सांगणार? सांगोल्याकडच्या माळावर, बापाच्या खांडीमागं बिभीषणचं सगळं पोरपण गेलं होतं. पुढं तो शिकला, नोकरीला लागला. बाप बिरप्पा वारला, मेंढरं भावकीत वाटली गेली. शहरात कुणी विचारलंच तर तो 'गावाकडं शेती असते' एवढं सांगून विषय बदलायचा. लाज वाटायची म्हणून नव्हे. एकदा सांगायला बसलो तर थांबता येणार नाही, याची त्याला भीती वाटायची.

खेळात मोहीम होती नदीपलीकडचा किल्ला गाठायची. हा गडी निघाला मेंढरांकडं.

"पप्पा, नदी इकडं आहे!"

"ऊन कलाय लागलंय. मेंढरं एका जागी आणाय नकोत व्हय?"

त्यानं खेळातल्या मुलीला खांडीच्या कडेकडेनं गोल फिरवायला सुरुवात केली. मेंढरं जरा सरकली की हा खूश. बघता बघता तोंडानं "हुर्र्र, हुर्र्र" सुरू झालं, तेही इतक्या मोठ्यानं की शेजारच्या काशम्मा दारातून डोकावून गेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

सृष्टी रडकुंडीला आली. "पप्पा! मेंढ्या नुसत्या देखाव्याला आहेत. त्यांचं काही करायचं नसतं."

"देखाव्याला?" बिभीषणला ते खरोखर लागलं. "मेंढरू कुटं देखाव्याला असतंय व्हय?"

तेवढ्यात पडद्यावर अंधारून आलं. गवत हललं. एक लांडगा खांडीत घुसला आणि कोकरू उचलून टेकडीमागं पसार झाला. गवतावर रक्ताची रेघ राहिली. बिभीषणनं चोरट्या नजरेनं लेकीकडं पाहिलं. ती काही घाबरलेली दिसेना. दचकून मागं सरकला होता तो तोच.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. सृष्टीनं अर्थ सांगितला, "आता लांडग्याचा माग काढायचा. गुहेतलं एकही जनावर जिवंत ठेवायचं नाही, तरच पुढचा रस्ता उघडतो."

तो माग काढत गेला. त्यात त्याला काही शिकवायला नको होतं. गुहेत शिरल्यावर दिसलं, लांडगा कसला, ती मादी होती. मागच्या पायानं लंगडत होती, आणि तिच्या आडोशाला पिल्लं होती. तलवारीचं बटण अंगठ्याखाली होतं. अंगठा दाबला जाईना.

"पप्पा, मारा ना!"

बिभीषणनं रिमोट मांडीवर ठेवला. आणि ज्याची भीती होती तेच झालं, तो सांगायला लागला.

"तुझ्याएवढा हुतो. मोहोळकडं एका रानात मेंढरं बसवली हुती, शेताला खत म्हणून. माझं एक कोकरू हुतं, लाली. तिची आय मेलेली. माझ्याच घोंगड्यात झोपायची. पहाटं लांडगं जाळीखालनं आत आलं आणि माझ्या डोळ्यांम्होरं तिला घेऊन गेलं. मी गोफण घेऊन मागं पळालो. वड्याच्या कडंला त्याची गुहा हुती. आत पिल्लं हुती. मी दगूड उचलला, तेवढ्यात मागनं आबांनी हात धरला."

"आजोबांनी मारलं तुम्हाला?"

"न्हाय गं. लांब नेऊन बसवलं. म्हणले, 'बिरोबानं खांड दिली तवाच लांडग्याचाबी वाटा ठेवलाय. त्या वाट्यापायी रडावं, लई रडावं. पर कुणाची पोरं मारू न्हाईत.' मग मी त्येंच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. दिवसभर रडलो. मेंढरं हाकायला सुदिक उठवलं न्हाय मला."

त्या मांडीवरच्या घोंगड्याचा वास, बापाचा केसांतून फिरणारा खरबरीत हात, सगळं त्याला आत्ता, फरशीवर बसल्या बसल्या, जसंच्या तसं आठवलं. पोराच्या वयाला हे झेपेल का, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. विचारायला वेळही नव्हता. बाप शेजारी बसला होता, तेवढं पुरलं होतं. आणि आता तो बाप नव्हता, याचं बिभीषणला भयंकर वाईट वाटलं.

सृष्टीनं हळूच त्याच्या मांडीवरचा रिमोट उचलला. राजेश्वरीनं तलवारीचं बटण दाबलं असणार, म्हणून तर तिचा खेळ पुरा झाला होता. दाबू दे, त्यानं मनाशी ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. खेळच आहे तो.

पडद्यावरच्या मुलीनं तलवार म्यानात घातली आणि ती गुहेबाहेर पडली. मोहीम फसल्याची लाल अक्षरं झळकली. सृष्टीनं ती वाचलीसुद्धा नाहीत. ती सरळ उतारावर गेली, मगाशी बाप फिरला होता तशीच खांडीच्या कडेकडेनं फिरू लागली, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हुर्र्र."

बिभीषणनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला.

पिठाचे हात घेऊन वैजयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग साहेब, काय शेरा मारलात? मुलांना योग्य आहे का नाही?"

"पोरीला चालतंय. खेळू दे खुशाल," टॉवेलाआडून बिभीषण कसाबसा म्हणाला. "मलाच झेपंना."